मालकांच्या नावाचं बिल

पहिलं मोठं बिल आलं तेव्हा मालकांना जाऊन सात महिने झाले होते, आणि बिल त्यांच्याच नावावर होतं. नावाचं मला नवल वाटलं नाही. पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारात त्या काळी जे दहा-बारा टेलिफोन होते, त्यांतले तीन तरी मेलेल्या माणसांच्या नावावर चालत. नाव बदलायचा अर्ज केला की फोन काढून नेतात आणि नव्या नंबरासाठी पाच-सहा वर्षं यादीत बसावं लागतं, अशी सगळ्यांची समजूत होती. खरी की खोटी, कोणी जाऊन पाहिलं नव्हतं. म्हणून मेलेला माणूस फोनपुरता जिवंत ठेवायचा. बिल भरायचं, कागद आला की त्याच्या नावाची सही करून पाठवायची. त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

आमच्या दुकानात ही सही मी करत होतो.

मी मोरेश्वर मालकांच्या अडतीत सव्वीस वर्षं संत्री निवडायला आणि मोजायला होतो. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. पावसाळ्यात बाजार थंड असला की मालक मला समोर बसवत आणि पेटीवर चिकटवायच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लावत. पुस्तक नव्हतं. ते लिहीत आणि मी त्यांच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवत असे. त्यामुळे मला अक्षर आलं ते त्यांचंच आलं. त्यांचा 'म' डावीकडे कलायचा, माझाही कलला. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची हे पाहणाऱ्याला सांगता येत नसे. कधीकधी मालकांनाही येत नसे.

१९८३च्या मे महिन्यात मालक गेले. सकाळी लिलाव उरकून बसले, छातीत दुखतं म्हणाले आणि तासाभरात संपले. ऊन असं होतं की फार वेळ ठेवता येईना. त्यांची मुलगी जयश्री सौंसरला दिलेली. तिच्या सासरी ट्रंक कॉल लावला, तो संध्याकाळी लागला. ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. ती रडली नाही. घाटावर उभी राहून तिनं एवढंच विचारलं की बाबा शेवटी काही बोलले का. मालकांचा मुलगा सुरेश म्हणाला, नाही. खरंच काही बोलले नव्हते.

सप्टेंबरात टेलिफोन खात्याचा एक कागद आला. फोन ज्याच्या नावावर आहे त्यानं सही करून परत पाठवायचा होता. सुरेशनं तो माझ्यापुढे सरकवला.

"काका, बाबांची सही तुमच्यासारखी कोणाले जमते? करून टाका."

मी केली. त्या वेळी मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

डिसेंबरात आलेलं बिल चारशे बहात्तर रुपयांचं होतं. त्याआधी दोन महिन्यांचं बिल कधी शंभराच्या वर गेलेलं आठवत नाही. सोबत ट्रंक कॉलची यादी होती. सव्वीस कॉल, सगळे सौंसरचे, सगळे एकाच नंबरला, सगळे दुपारी दोन ते तीनच्या मधले. प्रत्येकापुढे पी.पी. लिहिलं होतं. म्हणजे ऑपरेटरनं आधी नाव घेऊन त्या माणसाला फोनवर बोलवायचं आणि मग जोडून द्यायचं. त्याचा जास्तीचा आकार पडतो. नाव होतं जयश्री.

दुपारी दोन ते तीन आमचं दुकान बंद असे. लिलाव बाराला संपे, सगळे जेवायला जात. मी दाराला कुलूप लावून समोरच्या ओट्यावर आडवा होई. फोनला डायल नव्हता, उचलला की सरळ एक्स्चेंज. म्हणून कोणी उगाच उचलू नये यासाठी सुरेशनं त्याला लाकडी पेटी करून घेतली होती, आणि पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला असायची.

सुरेशनं यादी दोनदा वाचली. मग त्यानं अगदी सौम्यपणे मला विचारलं की जयानं काही सांगितलं होतं का, दुपारचा फोन लावत जा म्हणून. मी नाही म्हणालो. आमच्यात एवढंच बोलणं झालं. पण त्यानं हात पुढे केला आणि मी किल्ली सोडून त्याच्या हातात दिली. सव्वीस वर्षांत माझ्याकडून काही परत मागून घेण्याची ती पहिली वेळ.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायानं एक्स्चेंजला गेलो. दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आतल्या खोलीत बोर्ड, त्यावर नंबरांच्या छोट्या पट्ट्या. कोणी फोन उचलला की त्याच्या नंबरची पट्टी टिक करून खाली पडायची. बोर्डापुढे देवीदास नावाचा ऑपरेटर बसला होता. मुलताईकडून बदलून आला होता, ऑगस्टात. आमच्या मालकांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या दुकानाच्या, सत्तावीस नंबरच्या, सौंसरच्या कॉलचं विचारल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"शेठजी न? लय सबुरीचा माणूस. बाकीचे अडते मले शिव्याच देऊन राहतात. हे पहिले विचारतात, जेवला का बाळा. मग म्हणतात, सौंसर लाव, जयाले बोलाव."

मालक ऑपरेटरला पहिल्यापासून हेच विचारत. जेवला का बाळा. आधीचा ऑपरेटर त्यांच्यापेक्षा वयानं मोठा होता, तरी त्यालाही बाळाच म्हणत.

देवीदासनं विचारलं की शेठजींची तब्येत बरी नसते का. बोलता बोलता मध्येच थांबतात, दम लागल्यासारखे. मी म्हणालो, आता बरी आहे. असं का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून तेच निघालं.

सुरेशला मी ऐकलं ते सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला की ऑपरेटर लोक आपल्या ओळखीच्यांचे कॉल दुसऱ्याच्या नंबरावर टाकतात, सगळीकडे चालतं, हाही खोटं बोलून राहिला. मग त्यानं कागद काढला. तक्रार करायची. पण फोन बाबांच्या नावावर, तर तक्रारही बाबांनीच करायला हवी.

मी लिहिली. वरचं ऑफिस हिंदीत चालायचं, म्हणून सुरेश हिंदीत सांगत गेला आणि मी उतरवत गेलो. हे कॉल मी केलेले नाहीत. त्या वेळी मी घरी असतो. माझ्या बिलातून ही रक्कम कमी करावी. खाली सही, मोरेश्वर. 'म' डावीकडे कलला. 'मी घरी असतो' हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, एवढं आठवतं. कागद पोस्टात पडला.

जानेवारीत उत्तर आलं. श्री मोरेश्वर यांना कळवलं होतं की चौकशी पूर्ण झाली आहे. कामावरच्या ऑपरेटरनं आपणाशी प्रत्येक वेळी स्वतः बोलून कॉल जोडला आहे. सर्व कॉल आपणच केले आहेत. शिवाय गेल्या महिन्यात आपला वापर दुपटीहून जास्त वाढला आहे. वापर आवरावा, अशी सूचना आहे. थकलेली रक्कम सात दिवसांत न भरल्यास फोन तोडला जाईल.

सुरेशनं ते मोठ्यानं वाचलं. "बाबांसंगं स्वतः बोलला म्हणते," तो म्हणाला आणि हसला. मग उठून मागे गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

त्यानं पैसे भरून टाकले. मृग बहाराची संत्री यायला लागणार होती. दिल्लीचे, कलकत्त्याचे भाव फोनवरच कळायचे. फोन तुटला तर आमचं दुकान बाजारात आंधळं झालं असतं.

मी मात्र त्या रात्रीपासून मनाशी तारखा लावू लागलो. पहिली सही केली, आठव्या दिवशी पहिला कॉल. तक्रार लिहिली, आणि एका दिवसाआड होणारा कॉल रोजचा झाला. त्यांना कोणी बोलवत होतं तर तो मीच होतो. दर वेळी त्यांच्या हातानं लिहून मी सांगत होतो की ते इथंच आहेत.

जानेवारीच्या शेवटी सौंसरहून चिठ्ठी आली. जयश्रीचा नवरा अनिल तिथं शाळेत मास्तर होता. त्यानं लिहिलं होतं की जयश्रीला सातवा महिना आहे, पाय सुजले आहेत, रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणतात नागपूरला नेऊन भरती करा, नाहीतर बाळ आणि आई दोघांचं अवघड आहे. ती घरातून हलायला तयार नाही. म्हणते दुपारचा फोन चुकेल. तुम्ही रोज फोन करता तेव्हा तिला काही समजवा.

सुरेशनं चिठ्ठी माझ्याकडे दिली. तो स्वतः जायला तयार नव्हता. मला म्हणाला, संत्र्याचं एक टोपलं घेऊन जा, पहा काय आहे ते.

मी दीडच्या सुमाराला तिच्या घरी पोचलो. सासू कलाबाई अंगणात सरकी वाळत घालून राहिल्या होत्या. मला पाहून त्यांनी टोमणा मारला की पांढुर्णेवाल्यांकडे पैसा लय झाला, रोज फोनवर फोन, आणि बोलणं काय होते तर काहीच नाही, ही नुसती ऐकून राहते. त्यांना वाटत होतं फोन सुरेशचा असतो. पोरीच्या अंगात काही शिरलं असेल, जामसांवलीला हनुमानाच्या पायावर घालून आणू, असंही त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं होतं. जयश्री त्यालाही हलली नव्हती.

ती पुढच्या खोलीत फोनजवळ बसली होती. पाय पाटावर ठेवलेले, घोट्याची हाडं दिसत नव्हती. चेहरा मात्र शांत. पाहुण्याची वाट पाहावी तसा. मला पाहून म्हणाली, बसा काका, आता येईल. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो.

दोन वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली. ती उचलून हो म्हणाली, आणि मग काही बोलली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. तीन मिनिटं झाली की मध्ये ऑपरेटर विचारायचा, आणखी वाढवू का. ती म्हणायची, वाढवा. असं दोनदा झालं. मग तिनं डोळे न उघडता रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

संत्र्यावर संत्रं टेकल्याचा आवाज तुम्हाला सांगून कळायचा नाही. मला तो झोपेतही ओळखता येतो. पाच संत्री एका वेळी उचलतात, दोन एका हातात, तीन दुसऱ्यात. त्याला आम्ही एक हात म्हणतो. तो हात ढिगावर ठेवल्याचा मऊ आवाज आला. मग थोडा वेळ काही नाही. मग मालकांचा आवाज.

"सहाशे एकाहत्तर."

पुन्हा आवाज. पुन्हा थांबणं. ते असेच मोजत, एकेक फळ फिरवून पाहत, नासकं बाजूला टाकत. कोणाला घाई असली तरी ते घाई करत नसत.

"सहाशे बहात्तर."

मी रिसीव्हर दूर केला. बाहेर कलाबाई सरकीवर बसलेल्या चिमण्या हाकलत होत्या.

कॉल संपल्यावर जयश्रीनं मला सगळं नीट सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं फोन उचलला तेव्हा तिकडून फक्त 'लाभ' असं ऐकू आलं. आमच्या बाजारात मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. तेव्हाच तिनं ओळखलं. पहिल्यांदा भीती वाटली. मग वाटेना. रोज जिथं थांबले तिथून पुढे सुरू करतात, एक आकडा चुकत नाही.

"हजार झाले की बोलतील ते माह्यासंगं," ती म्हणाली.

आमच्याकडे एक ढीग हजार हातांचा. हजार झाले की मालक उभे राहत, दोन्ही हात धोतराला पुसत आणि 'चला' म्हणत. बस, एकच शब्द. तो ऐकून कोणी बसून राहिलेलं मी पाहिलं नाही. हमाल उठत, गाडीवाले उठत, मी उठत असे. हे तिलाही माहीत होतं. मी तिला ते म्हणून दाखवलं तेव्हा ती हसली.

"लहानपणी त्या एका शब्दासाठी मी दुकानात बसून राहत होती, काका. बाबा चला म्हणत आणि मी त्यांचं बोट पकडत होती."

"आणि आता कुठं जाशील बोट धरून?"

तिनं पोटावर हात ठेवला होता तो काढला आणि फोनवर ठेवला.

मी परत येताना बसमध्ये हिशोब करत राहिलो. तीनशे अठ्ठावीस राहिले होते. सुरुवातीला कॉल छोटे असत, आता रोज पंधरा-वीस. फार तर अठरा दिवस.

सुरेशला सांगितलं. त्यानं गल्ल्याचं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाला, मार्च निघू द्या काका, बहार निघू द्या, मग फोन परत करू. मी म्हणालो, मार्चपर्यंत ती राहणार नाही. तो माझ्याकडे पाहीना. म्हणाला की आणखी एक अर्ज लिहून पाहू, दुपारी दोन ते तीन आमचा फोन बंद ठेवा म्हणून. बाबांच्या नावानं. त्यानं कोरा कागद काढलासुद्धा. मी तो उचलून त्याच्या गल्ल्यावर पालथा ठेवला आणि बाहेर आलो. त्यानंतर मी त्या दुकानात कामाला गेलो नाही.

नगरपालिकेत मृत्यूचा दाखला काढायला सात खेपा घातल्या. दाखला हातात पडला त्या दिवशी फेब्रुवारीची तेरा तारीख होती. रात्री मी अर्ज लिहिला, या वेळी माझ्या स्वतःच्या नावानं. सत्तावीस नंबर ज्यांच्या नावावर आहे ते मोरेश्वर मागच्या मे महिन्यात वारले. त्यांच्या नावानं झालेल्या सह्या खोट्या आहेत. फोन तोडावा. खाली सही, चिंधू.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी एक्स्चेंजच्या बाहेरच्या खोलीत उभा होतो. तिथले साहेब छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला, दाखला वाचला आणि फाइल मागवली. मग सप्टेंबरचा कागद, डिसेंबरची तक्रार आणि माझा अर्ज असे तिन्ही शेजारी मांडले. किती तरी वेळ पाहत राहिले.

"मरा हुआ आदमी खुद लिख के दे रहा है कि मैं मर गया?"

मी सांगितलं की तिन्ही माझ्याच हातचे आहेत. ते म्हणाले, मग हा तरी खरा कशावरून? दुकानाशी भांडण झालं म्हणून फोन तोडायला आला असशील. या अक्षराचा अर्ज आपण घेणार नाही, दुसऱ्या हाताचा आण. मी म्हणालो, साहेब, माझ्याकडे दुसरा हात नाही. लिहायला शिकलो तो हाच. त्यांना वाटलं मी उर्मटपणा करतोय. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोनला दहा कमी होते. शाळेत जाणाऱ्या पोरासारखा मी तो कागद हातात घेऊन उभा राहिलो. किती जपून लिहिलं होतं. आयुष्यात मी कमावलेलं असं हे एकच, आणि तेही माझं नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं की तुम्हीच दोन ओळी लिहा, मी अंगठा देतो.

ते माझ्याकडे पाहू लागले. लिहिता येतं तरी अंगठा? मी म्हणालो, येत नाही असं धरा. अंगठा तर माझाच आहे, तो कोणाच्या फाइलीत सापडायचा नाही. त्यांनी पुन्हा दाखला पाहिला, तारीख पाहिली, त्यावरचा शिक्का खिडकीकडे धरून पाहिला. मग कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. सावकाश लिहिणारा माणूस. मी शाईचा पॅड शोधला, तो वाळलेला होता. त्यावर पाण्याचे थेंब टाकून चोळत होतो तेवढ्यात आतल्या खोलीत टिक असा आवाज झाला.

पट्टी पडली होती. दाराच्या फटीतून मला देवीदासची पाठ दिसत होती.

"हो शेठजी, जेवलो," तो म्हणाला. "लावतो."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. त्यांनीही ऐकलं होतं. देवीदास तिकडे सौंसरला जयश्रीबाईंना बोलवा म्हणून सांगत होता. मी अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. पहिला ठसा फिका उठला. दुसरा नीट उठला. साहेबांनी त्यावर शिक्का मारला, सही केली आणि बसल्या जागेवरून सांगितलं, सत्ताईस निकाल दो.

देवीदास वळला. कानाला यंत्र तसंच होतं.

"पण साहेब, शेठजी बोलून राहिले."

साहेबांनी दाखला उंच धरला. देवीदास उठून दारापर्यंत आला, जेवढी वायर पुरली तेवढा. त्यानं वाचलं. नाव वाचलं, तारीख वाचली. त्याचा हात कानाकडे गेला, पण यंत्र काढायला की दाबून धरायला, ते मला कळलं नाही. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग बोर्डाकडे जाऊन त्यानं सत्तावीसची दोरी उपसली. नंतर तिथंच खाली बसला आणि पाणी मागितलं.

मी सौंसरची बस धरली. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. दारात नागपूरला न्यायला त्यांच्या ओळखीची जीप उभी होती, अनिल शाळेतून धावत आलेला. आत जयश्री रिसीव्हर धरून तशीच बसली होती. फोन बंद होता, त्यात काही आवाज नव्हता. वाट पाहून थकल्यावर आता ती स्वतः मोजत होती.

"नऊशे चार."

बापासारखीच थांबत होती. तितकाच वेळ. हात मांडीवर उघडे, जणू पाच संत्री उचलते आहे.

"नऊशे पाच."

कलाबाई दाराशी रडत होत्या. आम्ही रिसीव्हर काढून घेतला, तिनं घेऊ दिला. उठवलं, उठली. जीपमध्ये मागे अनिल एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला बसलो. ती मोजत होती. गाव सुटलं तेव्हा नऊशे एकतीस झाले होते.

मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मोजणी चालू असताना घरी आग लागल्याचा निरोप आला तरी माणूस आकडा संपेपर्यंत उभा राहतो. मी सव्वीस वर्षांत एकदाही कोणाची मोजणी मोडली नव्हती. पण नऊशे चाळीसला मी तोंड उघडलं. जे सुचेल ते बोलू लागलो. माझं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, म्हटलं. मोहगावच्या बाजारात बैलजोडी अठराशेला घेतली होती, म्हटलं. बसचा नंबर सांगितला, माझ्या घराचा नंबर सांगितला, तो नव्हताच तरी सांगितला. तिनं कपाळाला आठी घातली आणि आवाज चढवून पुढे गेली. नऊशे त्रेपन्न. मी आणखी मोठ्यानं बोललो. अनिल माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याला काय उमगलं कोण जाणे. तो गणिताचा मास्तर. त्यानं एकोणतीसचा पाढा सुरू केला. मग सदतीसचा. आम्ही दोघं तिच्या दोन्ही कानांशी ओरडत होतो आणि पुढचा ड्रायव्हर आरशातून आम्हाला पाहत होता.

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला करून बोलत राहिलो. तिनं मला मारलं. मालकांची मुलगी, मी तिला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते. तिनं दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारलं आणि मी संत्र्याच्या भावांची यादी म्हणत राहिलो.

सावनेरच्या अलीकडे ती थांबली.

ओठ हलले, पण आकडा आला नाही. तिनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मागे जाऊन पाहिलं, नऊशे सत्तर का, नऊशे साठ का. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि ती रडायला लागली. मे महिन्यापासून रडली नव्हती, ते सगळं. अनिलनं तिचं डोकं धरलं. पाढा त्याच्या तोंडात अर्धाच राहिला होता.

खूप वेळानं तिनं माझा सदरा धरला. आवाज बसला होता.

"काका, किती झाले होते?"

मला माहीत होतं. सव्वीस वर्षं मोजण्यात गेली, बोलत असलो तरी कान आकडा सोडत नाही. नऊशे अठ्ठ्याऐंशी झाले होते. बारा हात राहिले होते.

"माहीत नाही, बेटा," मी म्हणालो.